जळगावात नेक्स्टक्लाउड चालवताना: लाईट, लाईन आणि ‘शेतकऱ्यां’मधला ऱ

आमच्या कंपनीची चार ठिकाणं, १४० माणसं, ९० संगणक. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आणि मुख्य ऑफिस, धरणगावला जिनिंग, रावेरला केळीची खरेदी, धुळ्याला डेपो. फाईली तीन जागी विखुरलेल्या. जुन्या विंडोज सर्व्हरच्या शेअर फोल्डरात ९०० जीबी, ज्याच्या त्याच्या डेस्कटॉपवर किती ते कोणालाच ठाऊक नाही, आणि उरलेलं व्हॉट्सॲपवर. रावेरहून काटापट्टीचा फोटो ग्रुपवर पडतो, व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, आणि वजनातला आकडा ३ की ८ हे विचारायला अकाउंट्सवाल्यांना फोन करावा लागतो. हे सगळं एका छताखाली आणायचं ठरलं. त्यातली आयटीच्या बाजूची कामं, आकडे आणि फसलेल्या गोष्टी इथे मांडतोय.

पहिला प्रश्न भाड्याच्या क्लाउडचा की स्वतःच्या सर्व्हरचा. आमची ९० च्या आसपास माणसं एकाच आवारात बसतात आणि इंटरनेटची लाईन महिन्यातून दोन-चारदा तरी जाते. सर्व्हर आवारात असला तर लाईन गेली तरी मिलचं काम थांबत नाही. निर्णयाचं खरं कारण एवढंच. ज्यांची सगळी माणसं गावोगाव फिरतीवर आहेत त्यांनी हा व्याप करूच नये, सरळ भाड्याची सेवा घ्यावी. आम्ही नेक्स्टक्लाउड घेतलं, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फाईली ठेवून सगळ्यांना वाटायचा प्रोग्राम, सोबत ऑफिसच्या फाईली ब्राउझरमध्ये उघडायला कोलॅबोरा. व्हिडिओ कॉल मुद्दाम घेतले नाहीत. नेक्स्टक्लाउड टॉकला (त्यातल्या चॅट आणि कॉलच्या सोयीला) वेगळा सिग्नलिंग बॅकएंड, म्हणजे चित्र मधून वाटणारा सर्व्हर, जोडला नाही तर प्रत्येक जण बाकीच्या प्रत्येकाला आपलं चित्र स्वतंत्र पाठवतो. आठ जणांच्या मीटिंगमध्ये एकेका संगणकातून सात प्रवाह बाहेर जातात, आणि ते रावेरच्या लाईनला झेपणारं नाही. त्यामुळे टॉक फक्त चॅटपुरतं.

आता लाईट. इथे सगळे यूपीएसचा बॅकअप मोजतात आणि खोली मोजायची विसरतात. आमचा हिशोब असा: ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, त्याला १२ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, ४२ एएचच्या. म्हणजे ९६ गुणिले ४२, साधारण ४,००० वॅट-तास. त्यातले भरवशाचे ६० टक्के धरले तर २,४००. सर्व्हर, स्विच, राउटर मिळून ५०० वॅट खातात. कागदावर पावणेपाच तास चालायला पाहिजे. पण एसी यूपीएसवर नसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना दहा बाय आठच्या बंद खोलीत ५०० वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं होतं, आणि बहुतेक सर्व्हरच्या कागदावर आत जाणाऱ्या हवेची कमाल ३५ अंशच लिहिलेली असते. आपल्याकडे बॅटरी आधी संपत नाही, खोली आधी तापते. म्हणून सर्व्हर बंद करण्याची आज्ञा आम्ही दोन कारणांवर बांधली: बॅटरी ४० टक्क्यांवर आली किंवा सर्व्हरच्या तोंडाशी असलेल्या सेन्सरने ३८ दाखवले, जे आधी होईल ते. पहिल्यासाठी एनयूटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो, दुसऱ्यासाठी सर्व्हरच्या आयपीएमआय पोर्टवरून (सर्व्हरची तब्येत बाहेरून बघायच्या सोयीवरून) दर मिनिटाला तापमान वाचणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लागली. पुढे एसी जनरेटरच्या चेंजओव्हरवर घेतला, तेव्हा कुठे दुपारची धाकधूक कमी झाली. एक्झॉस्ट फॅन लावून बघितला होता. भर दुपारी तो बाहेरची झळ आत ओढतो, त्याचा उपयोग रात्रीच.

बॅटऱ्याही याच खोलीत ठेवू नका. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी आपल्याकडे दोन उन्हाळ्यांत बसते, त्यात बॅटरीवाल्याची फसवणूक असतेच असं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं काम वॉचमनच्या वहीत लिहून दिलंय. मिल आणि ऑफिस यांच्यामध्ये तांब्याची लॅन केबल होती, ती काढून फायबर टाकली. जूनच्या तोंडाला कडाडणाऱ्या विजेने स्विचचे पोर्ट जळतात ते बहुधा अशाच दोन इमारतींना जोडणाऱ्या केबलमधून. धरणगावच्या जिनिंगचा प्रकार निराळा. तिथे रुईचे तंतू पंख्यात अडकून नमद्यासारखा थर बसतो, म्हणून तिथे सर्व्हर नाहीच, फक्त पंखा नसलेला छोटा राउटर आणि बंद पेटीतला स्विच.

लाईनच्या बाबतीत दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे दोन लाईनी झाल्या, या भ्रमात राहू नका. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर नाली खोदणाऱ्या जेसीबीला एक फावडं पुरतं. दोन्ही कंपन्यांच्या माणसाला गेटपासून पहिल्या चौकापर्यंत सोबत घेऊन चालावं आणि खांब डोळ्यांनी बघावेत. आमच्या दोन्ही एकाच खांबावर निघाल्या. मग दुसरी रद्द करून मोबाईल नेटवर्कचा राउटर घेतला. त्यात नवी अडचण आली. मोबाईल नेटवर्कवर आपल्याला सहसा सार्वजनिक आयपी (बाहेरून गाठता येणारा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून कोणी आपल्या सर्व्हरपर्यंत येऊच शकत नाही. त्यावर उपाय उलट्या दिशेचा: मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक लहानसा भाड्याचा सर्व्हर घेतला, आणि जळगावच्या सर्व्हरने स्वतः बाहेर जाऊन त्याच्याशी वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणी) उघडायचा. धुळे, रावेर, धरणगाव आणि मोबाईलवाले सगळे मुंबईच्या पत्त्यावर येतात, तिथून बोगद्यातून जळगावला. कोणती लाईन चालू आहे याच्याशी त्यांना देणंघेणं राहत नाही. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह (बोगदा जागा ठेवणारी टिचकी) २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत पडलेला बोगदा मोबाईल कंपनीच्या बाजूने मिटतो. आणि एक लक्षण ओळखून ठेवा: लॉगिनचं पान उघडतं, लहान फाईली जातात, मोठी फाईल मात्र अडकून राहते. हे एमटीयूचं, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, दुखणं आहे. वायरगार्ड सहसा १४२० धरतो, मोबाईल लाईनवर आम्ही तो १२८० वर आणला आणि अडकणं थांबलं.

आवारातल्या माणसांनी मात्र मुंबईला जाऊन परत जळगावात येऊ नये. त्यासाठी ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरच्या त्याच नावाला आतला पत्ता दिला. तरी चार-पाच मोबाईल आणि काही ब्राउझर बाहेरूनच जात होते. ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस आणि अँड्रॉइडमधला प्रायव्हेट डीएनएस ऑफिसच्या डीएनएसला विचारतच नाहीत. कंपनीच्या उपकरणांवर ते बंद केले.

सर्व्हरचा आकार ठरवताना माणसं मोजू नयेत, सिंक क्लायंट (संगणकावरच्या फाईली सर्व्हरशी जुळवत राहणारे प्रोग्राम) मोजावेत. प्रत्येक क्लायंट काही बदल झाला का हे दर ३० सेकंदांनी विचारतो. ९० संगणक म्हणजे कोणी काही न करताही सेकंदाला तीन विनंत्या. बदल झाला की सर्व्हरनेच कळवणारी पुश सेवा जोडली की हे विचारणं पुष्कळ कमी होतं, पण ती आम्ही नंतर जोडली. मशीन असं: आठ कोअर, ३२ जीबी रॅम, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेसला दोन एसएसडी मिरर करून, फाईलींना ४ टीबीच्या चार डिस्क रेड १० मध्ये (सगळं दोन-दोन डिस्कवर), म्हणजे हाती ८ टीबी. ९०० जीबीला एवढी जागा का? कारण जुन्या आवृत्त्या, कचरापेटी आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) हे तिघं मिळून मूळ डेटाएवढेच खातात, आणि ८० टक्क्यांवर डिस्क भरली की आमची धोक्याची घंटा वाजते.

एवढं मशीन असूनही पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला सगळं ठप्प. प्रोसेसर रिकामा, रॅम रिकामी, आणि पान उघडायला मिनिट. पीएचपी-एफपीएमच्या (पानं तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा, मॅक्स चिल्ड्रनची, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची, मर्यादा गाठली म्हणून. डेबियन-उबुंटूत ही मर्यादा मुळात ५ असते. पाच खिडक्यांच्या बँकेत नव्वद जण पासबुक घेऊन उभे, आत कॅशियर निवांत. एकेक प्रोसेस किती रॅम घेते ते मोजलं, साधारण ८० एमबी. ४० केल्या, ३.२ जीबी गेली. मारियाडीबी या डेटाबेसचा बफर पूल (त्याची रॅममधली जागा) मुळात १२८ एमबी असतो, तो ६ जीबी केला. फाईल लॉकिंग आणि कॅश रेडिसकडे (रॅममध्ये चालणाऱ्या साठ्याकडे) दिलं. डेटाबेसची आयसोलेशन लेव्हल ‘रीड कमिटेड’ आहे ना ते तपासा, नाहीतर गर्दीत डेडलॉकच्या (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसल्याच्या) चुका येतात. पार्श्वभूमीची कामं पानं उघडण्याच्या भरवशावर न ठेवता सिस्टीमच्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीवर) दर पाच मिनिटांनी लावा. क्रॉन बंद पडला तर लगेच कोणाला काही जाणवत नाही, पण कचरापेटी रिकामी व्हायची थांबते, आणि दोन महिन्यांनी डिस्क भरते तेव्हा कारण शोधायला दिवस जातो. डेटाबेस फाईलींच्याच डिस्कवर असला तर तोही त्याच दिवशी झोपतो, म्हणून तो वेगळा.

जुना डेटा हलवण्याचं काम लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही. धुळ्याची लाईन २० एमबीपीएसची. १०० जीबीला ती हिशोबाने अकरा तास घेते, प्रत्यक्षात पंधरा-सोळा, आणि तोवर डेपोत बिलं निघत नाहीत. म्हणून धुळ्याच्या फाईली जळगावातच हार्ड डिस्कवर भरून, डिस्क पिशवीत घालून एसटीने पाठवली, तिथल्या संगणकावर उतरवली आणि मग क्लायंट जोडला. इथे एक बारीक गोष्ट आहे. क्लायंट दोन्हीकडच्या फाईलीचा आकार आणि बदलाची वेळ जुळवतो. वेळ जुळली नाही तर फाईल वेगळी समजून वाद असलेली प्रत तयार करू शकतो. जुन्या फॅट पद्धतीची डिस्क वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात साठवते, त्यामुळे हजारो खोट्या वादग्रस्त प्रती तयार होऊ शकतात. डिस्क एनटीएफएस करा आणि कॉपी विंडोजमधल्या रोबोकॉपीने करा.

टॅलीचा डेटा फोल्डर सिंकमध्ये कधीही टाकू नका. आउटलुकची पीएसटी फाईलसुद्धा नको. या फाईली दिवसभर उघड्या असतात, क्लायंट त्यातल्या काही नव्या, काही जुन्या अशा उचलतो, आणि दुसऱ्या संगणकावर उतरल्या की कंपनीच उघडत नाही. टॅलीतून संध्याकाळी घेतलेला बॅकअप मात्र सिंकच्या फोल्डरात खुशाल ठेवावा. हे सांगूनही एका टेबलावरून टॅलीचा फोल्डर आलाच, म्हणून सर्व्हरवर त्या प्रकारच्या फाईली नाकारण्याचा नियम लावला. माणसाला सांगण्यापेक्षा नियम लावणं स्वस्त पडतं.

आता मराठी नावं. याच्यावर कुठे काही लिहिलेलं सापडत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात.

‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. दिसायला पाच अक्षरं. संगणकाच्या लेखी श, एकाराची मात्रा, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, वेलांटी अशी ११ चिन्हं. प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट, म्हणजे ३३ बाईट. लिंकमध्ये एकेका बाईटचे तीन कॅरेक्टर होतात, म्हणजे ९९. लिनक्सवर फाईलच्या एका नावाला २५५ बाईटची मर्यादा आहे. इंग्रजीत ती २५५ अक्षरं, मराठीत फक्त ८५ चिन्हं. ‘रावेर केंद्र कांदेबाग केळी खरेदी शेतकऱ्यांची यादी आणि दर तक्ता ऑक्टोबर नोव्हेंबर अंतिम सुधारित प्रत’ असलं नाव विंडोजवर सुखाने जगतं, सर्व्हरवर चढत नाही, आणि क्लायंट नुसती लाल फुली दाखवतो. आम्ही नावाला ५० चिन्हांची मर्यादा घातली आणि वर्ष-महिना सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत लिहायला लावला, म्हणजे क्रमही नीट लागतो.

याहून चिवट गोष्ट पुढे आहे. हाच ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाईप होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की स्वतंत्र ऱ येतो, त्याला हलन्त आणि य. दुसरे काही कीबोर्ड साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य असं टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पहिला शब्द ११ चिन्हांचा, दुसरा १२. शोध घेतला तर एक सापडतो, दुसरा नाही, आणि एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाईली सुखेनैव नांदतात. रावेरचा ऑपरेटर एकीत भरतो, जळगावचा दुसरीत. तेच ‘ॲप’चं: एक चिन्ह असलेला ॲ, किंवा अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं. फोन येतो तो ‘भाऊ, फाईल कथा गयी?’ (कुठे गेली) असा, आणि फाईल तिथेच असते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं) हे दोन्ही प्रकार एक करत नाही, ते निराळे अनुक्रम मानले जातात. आम्ही रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट लिहिली: नावांमधला र-हलन्त-जोडचिन्ह हा क्रम ऱ-हलन्त करते, चंद्रवाला अ एका चिन्हाचा करते, आणि त्या नावाची फाईल आधीच असेल तर काही न करता यादी मेल करते. नाव थेट डिस्कवर बदलू नका, नेक्स्टक्लाउडच्या डेटाबेसला त्याचा पत्ता लागत नाही. वेबडॅवमधून, म्हणजे नेक्स्टक्लाउडच्या स्वतःच्या दारातून, बदला.

मग जुने फॉन्ट. २०१० च्या आधीची पत्रं, ठराव, करारनामे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांत. त्या फाईलींत मराठी नाहीच, आत इंग्रजी अक्षरं आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. मजकुरातला शोध त्यांच्यावर आंधळा, आणि कोलॅबोरा सर्व्हरवर तो फॉन्ट नसला की पानभर कचरा दिसतो. सगळ्यांचं रूपांतर करायचा हट्ट धरू नये. चालू वापरातली तीनेकशे कागदपत्रं युनिकोडमध्ये आणली, तीही प्रत्येक नजरेखालून घालून, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी सरकते. बाकीची पीडीएफ करून ठेवली. मंगल फॉन्टही लिनक्सवर आपोआप नसतो. त्याच्या जागी दुसरा बसतो आणि दीड पानाचं पत्र दोन पानांवर जातं. सही दुसऱ्या पानावर एकटीच गेली की साहेब चिडतात. नव्या पत्रांसाठी नोटो सान्स देवनागरी सगळीकडे टाकला आणि तंटा मिटला.

परवानग्यांचं एकच सांगतो. विभागाचं काही माणसाच्या खात्यातून शेअर करू देऊ नका. परचेसच्या मॅनेजरने स्वतःच्या खात्यातून शेअर केलेला फोल्डर, तो नोकरी सोडून गेला आणि खातं पुसलं, की सगळ्यांच्या समोरून गायब होतो. विभागांसाठी टीम फोल्डर करा, त्यांचा मालक कोणी व्यक्ती नसते. आमच्याकडे ११ टीम फोल्डर आहेत, बाराव्यासाठी लेखी अर्ज लागतो. खातं पुसण्याआधी मालकी हस्तांतराची आज्ञा चालवायची, आणि खातं आधी तीन महिने नुसतं बंद ठेवायचं.

एका दुखण्याचा माग काढायला आठवडा गेला, म्हणून तपशीलाने लिहितो. धुळे, रावेर, धरणगाव एकाच वेळी मंद. लॉगिनला २५ सेकंद, कधी ‘खूप विनंत्या’ म्हणून नकार. जळगाव मात्र पळतंय. लाईन तपासली, बोगदा तपासला, सगळं ठीक. २५ हा आकडाच धागा निघाला. चुकीचे पासवर्ड येत राहिले की नेक्स्टक्लाउड त्या आयपीवरून येणाऱ्याला मुद्दाम थांबवतो, आणि ती वाट जास्तीत जास्त २५ सेकंदांची असते. डेपोत एकाने पासवर्ड बदलला होता आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मॅप केलेला ड्राइव्ह जुनाच पासवर्ड दिवसभर ठोकत होता. पण एकट्याच्या चुकीची शिक्षा तीन गावांना का? कारण सगळे मुंबईच्या प्रॉक्सीतून, म्हणजे विनंत्या पुढे पाठवणाऱ्या तिथल्या सर्व्हरमधून, येत होते आणि नेक्स्टक्लाउडला सगळ्यांचा पत्ता एकच दिसत होता. प्रॉक्सीने खरा पत्ता हेडरमध्ये पाठवायचा आणि नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमध्ये त्या प्रॉक्सीला विश्वासू म्हणून नोंदवायचं, या दोन ओळींनी काम झालं. फक्त प्रॉक्सीचाच पत्ता नोंदवा. सगळं जाळं नोंदवलं तर कोणीही हवा तो पत्ता सांगून आत येईल. आता फार तर एका गावाची लाईन अडते, कारण गावाचा सार्वजनिक आयपी एकच. ड्राइव्ह मॅप करायची सवय मोडून प्रत्येक उपकरणाला वेगळा ॲप पासवर्ड दिला.

आवृत्त्यांवर किती भरवसा ठेवायचा? संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला आणि त्याने फाईली कुलूपबंद केल्या, तर सिंक इमानेइतबारे त्याच फाईली सर्व्हरवर चढवतो. तेव्हा जुन्या आवृत्त्याच वाचवतात. पण नेक्स्टक्लाउड आवृत्त्यांना खात्यात मोकळ्या असलेल्या जागेच्या निम्म्यापर्यंतच जागा देतो. ज्याचा कोटा काठोकाठ भरलाय त्याच्या जुन्या आवृत्त्या जवळपास नसतातच. म्हणून कोटा ९० टक्के झाला की माणसाला मेल, आणि टीम फोल्डरना मोकळी जागा सढळ. कचरापेटीतलंही ३० दिवस राहील असं मूळ सेटिंग सांगतं, जागा कमी पडली तर आधीही जातं.

लॉगचं काम कंटाळवाणं पण कायद्याचं आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. उबुंटूत एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग मुळात रोज फिरतात आणि १४ प्रती राहतात, म्हणजे दोनच आठवडे. ते २०० केले. घड्याळही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायचं. त्याचा फायदा लगेच दिसतो, कारण लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याचा सहा आकडी कोड ३० सेकंदांचा असतो आणि घड्याळ दोन मिनिटं सरकलं की कोणाचाच कोड लागत नाही. वेबसाईटच्या सुरक्षित जोडणीच्या सर्टिफिकेटवरही स्वतःची नजर ठेवा. ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनपासून मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं बंद केलंय. आमचं लक्ष ठेवणारं यंत्र मुंबईच्या सर्व्हरवर आहे. जळगावातच ठेवलं तर लाईन गेल्याचा मेल त्याच गेलेल्या लाईनवरून पाठवायचा, असा विनोद होतो.

अपग्रेडमध्ये नेक्स्टक्लाउड मोठी आवृत्ती ओलांडू देत नाही, एकेक पायरीच चढावी लागते, आणि एका आवृत्तीला आधार साधारण वर्षभर. दोन वर्षं हात लावला नाही तर चार-सहा पायऱ्या एका रात्रीत चढायची वेळ येते. नवी मोठी आवृत्ती आल्याबरोबर घेऊ नये, तिची तिसरी दुरुस्ती येईपर्यंत थांबावं. बाहेरचे जोड-ॲप नव्या आवृत्तीला जुळत नसतील तर अपग्रेड त्यांना मुकाट्याने बंद करतो, म्हणून आधी स्नॅपशॉटच्या प्रतीवर रंगीत तालीम. तारीख निवडताना ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० चा ३बी बघा. २२ ते २८ मध्ये कोणी ओरडत नाही. डिस्क बदलणं, खोली साफ करणं असली मोठी कामं आम्ही आखाजीला (अक्षय तृतीयेला) करतो. मिल दोन दिवस शांत असते, फक्त ऊन तेवढं असतं, म्हणून काम पहाटे चारला सुरू.

बॅकअप रोज रात्री दीडला: मेंटेनन्स मोड चालू, डेटाबेसचा डंप, फाईलींचा झेडएफएस स्नॅपशॉट, कॉन्फिगची प्रत, मोड बंद. सगळं चार मिनिटांत. प्रत्यक्ष नक्कल मग स्नॅपशॉटवरून सावकाश होते. नुसत्या फाईलींची प्रत घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की कोणाला काय शेअर केलंय, टिप्पण्या, टॅग, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. फाईली परत आल्या आणि तो आला नाही, तर हाती फक्त फोल्डरांचा ढीग. एक प्रत आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, एक धुळ्याच्या डेपोत. धुळ्याला रोज फक्त बदललेलं जातं, ते २० एमबीपीएसला जमतं. उलट दिशेने पूर्ण ९०० जीबी त्याच लाईनवरून आणायचे तर १०० तास, म्हणजे चार दिवसांहून जास्त. डिस्क गाडीत घालून आणायला दोन-अडीच तास, मग गिगाबिट लॅनवर उतरवायला अजून तेवढेच. म्हणून धुळ्याची प्रत काढता येण्याजोग्या डिस्कवरच आहे, आणि तिला हात लावायचा अधिकार डेपो मॅनेजरला लेखी दिलाय.

दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर सगळं उभं करून बघायचं. त्या दिवशी तपासायचं ते असं: रावेरच्या खात्यातून लॉगिन, टीम फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधून उघडणं, तिची गेल्या आठवड्यातली आवृत्ती परत आणणं, शेअर केलेली लिंक बाहेरच्या फोनवर उघडणं. डिस्कवर लक्सचं (लिनक्समधल्या एन्क्रिप्शनचं) कुलूप आहे, सर्व्हर चालू होताना पासवर्ड माणसाने टाईप करावा लागतो, आणि तो सीलबंद पाकिटात अकाउंट्सच्या तिजोरीत असतो. पहिल्या तालमीत पाकीट फोडलं तर सुबक अक्षरातल्या पासवर्डमधलं तिसरं अक्षर इंग्रजी ओ की शून्य हे कोणालाच सांगता येईना. आता पासवर्ड छापील आहे, शून्याच्या पोटात तिरपी रेघ असलेल्या फॉन्टमध्ये, आणि खाली प्रत्येक अक्षराचं नाव मराठीत लिहिलेलं.